गोळी एकदाच विरघळते

तिकीट शिरवळचं आहे. पण ही गाडी स्वारगेटहून निघून, कात्रजचा घाट चढून सरळ नीरेच्या पुलावर येणारी नाही. ती आधी अमेरिकेतल्या कॅलमझूला थांबते, मग डब्लिन, पिंपरी, भायखळा करत शिरवळ गाठते. सामान फार घेऊ नका. एक वही पुरे, आणि सोबत एक प्रश्न: औषधाची जी चाचणी आजवर माणूस हाताने करत आला ती उद्यापासून यंत्र करणार असेल, तर दोघांचं उत्तर एकच येतं हे म्हणायचं कशाच्या जोरावर?

विसावं शतक नुकतंच सुरू झालंय. तुम्ही मिशिगन राज्यातल्या कॅलमझूच्या मनोरुग्णालयाच्या वॉर्डात उभे आहात. कुश्नी आणि पीबल्स हे दोन संशोधक झोपेच्या औषधांची तुलना करतायत. एका रात्री एक औषध, दुसऱ्या रात्री दुसरं, मध्ये औषधाविना रात्री. आणि कोण किती तास झोपलं याची नोंद. रुग्णांची संमती घ्यायची पद्धत त्या काळी नव्हती, हे तुम्हाला खटकतं. खटकू द्या, पण वही उघडा. दहा रुग्ण, प्रत्येकापुढे दोन आकडे: पहिल्या औषधाने झोप किती तासांनी वाढली आणि दुसऱ्याने किती. पाचव्या रुग्णापुढे दोन्हीकडे उणे ०.१, दोन्ही औषधांनी त्याची झोप किंचित कमीच केली. नवव्यापुढे एकीकडे शून्य आणि दुसरीकडे ४.६ तास. पहिल्या औषधाची सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याची २.३३.

ही वही घेऊन १९०८ च्या डब्लिनमध्ये उतरा. गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा माणूस नोकरीला आहे. स्वतःच्या नावाने लिहिता येत नाही म्हणून तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहितो. थोडे नमुने हाताशी असताना सरासरीवर किती विसंबायचं, हा त्याचा प्रश्न. उदाहरण म्हणून त्याने उचलले ते हेच दहा रुग्ण. (औषधांची नावं लिहिताना त्याची गल्लत झाली, आकडे मात्र बरोबर उतरवले.)

त्याच्या खांद्यावरून बघा. तो दोन रकाने वेगळे धरत नाही. प्रत्येक रुग्णाची दुसऱ्या औषधाची झोप घेतो, त्यातून त्याच रुग्णाची पहिल्या औषधाची झोप वजा करतो आणि उरलेल्या दहा फरकांवर हिशोब मांडतो. मुळात गाढ झोपणारा आणि मुळात तळमळणारा यांच्यातलं अंतर त्या वजाबाकीत गळून पडतं. हेच आकडे आजच्या संगणकाला द्या. दोन वेगळे गट म्हणून दिले तर पी-व्हॅल्यू सुमारे ०.०८ येते, म्हणजे ठोस काही बोलता येत नाही. जोडीने दिले तर ०.००३, म्हणजे शंकेला फार जागा उरत नाही. आकडे तेच, फक्त कुणाला कुणाशेजारी बसवलं ते बदललं. वहीत ठळक लिहा: जोडी लावता आली तर लावावी. शिरवळला पोचल्यावर हेच वाक्य अडचणीत आणणार आहे.

पिंपरी, १९५५. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला, देशात पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना. आजूबाजूला अजून शेतं आहेत. पेनिसिलिनची ताकद त्या काळी जिवाणूंकडूनच मोजून घ्यायची रीत होती. काचेच्या थाळीत आगर, त्यात जिवाणू पेरलेले, वर छोट्या नळकांड्या ठेवून त्यांत पेनिसिलिनचं द्रावण. रात्रभर उबवलं की सगळीकडे धुरकट वाढ दिसते आणि नळकांड्याभोवती स्वच्छ गोल उरतो. जेवढा गोल मोठा तेवढं औषध जोरकस.

थाळी दिव्यासमोर धरा आणि कॅलिपर लावा. गोलाची कड नेमकी कुठे आहे? पूर्ण स्वच्छ भाग संपतो तिथे, की धुरकटपणा पुरता दाट होतो तिथे? तुम्ही एक जागा पकडता, शेजारचा दुसरी पकडतो. गोलाचा व्यास ताकदीच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने ताकदीचा अंदाज चांगलाच हलतो. आणखी एक खोड: दिवसभर वाचन करणाऱ्या माणसाच्या नोंदी पाहिल्या तर शेवटचा आकडा शून्य किंवा पाच असण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघतं. मुद्दाम कुणी करत नाही. डोळा तिकडे ओढला जातो. पुढे कॅमेऱ्याने गोल मोजणारी यंत्रं आली, त्यांना पाचाचा मोह नाही. पण कड कुठे धरायची, किती काळं म्हणजे काळं, हे त्या यंत्रालाही कुणीतरी आधी सांगावंच लागतं. माणूस थाळीपाशी नसतो, सेटिंगच्या पानावर असतो.

भायखळा, १९८६ ची सुरुवात. जे. जे. रुग्णालय. इथे तुम्हाला बराच वेळ थांबवणार नाही, पण गाडी न थांबवता पुढे नेणंही बरोबर नाही. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. तेही पारदर्शक, तेही घट्टसर आणि तेही गोड. मूत्रपिंडं मात्र बंद पाडणारं. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला आणि खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचा कारभार त्याने उघडा केला. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनाने शंभराहून जास्त बळी घेतले होते, त्यामुळे धोका माहीत नव्हता असं कुणी म्हणू शकत नव्हतं. हाताची चाचणी बरी की यंत्राची, हा वाद चाचणी करणाऱ्यांचा आहे. ग्लिसरॉलच्या त्या बाटल्या ना माणसाने अडवल्या, ना यंत्राने.

त्याच हिवाळ्यात, ८ फेब्रुवारीच्या ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दोन संख्याशास्त्रज्ञांचा, ब्लँड आणि ऑल्टमन यांचा, छोटासा लेख आला आहे. ग्रंथालयात जाऊन तो काढा. फुंकर किती जोराची हे मोजणारी दोन मीटरं: एक मोठं राइट मीटर, एक त्याचं छोटं भावंड. फुंकायला माणसं कोण? ब्लँडचे सहकारी आणि घरची मंडळी, एकूण सतरा. दोन मीटरांतला सहसंबंध ०.९४. प्रयोगशाळेत अशा आकड्यावर पेढे वाटले जातात. ब्लँड आणि ऑल्टमन मात्र विचारतात, एकाच माणसाला दोन मीटरं किती वेगळं सांगतात? सरासरी फरक जेमतेम २ लिटर. पण एखाद्यापुरतं पाहिलं तर छोटं मीटर मोठ्यापेक्षा मिनिटाला सुमारे ८० लिटरनी वर किंवा खाली असू शकतं. दम्याच्या रुग्णाच्या बाबतीत हा फरक थोडाथोडका नाही. सहसंबंध एवढा चांगला दिसला तो फुंकणाऱ्यांत कुणी दणकट, कुणी अशक्त असल्यामुळे. आकड्यांचा पल्ला लांब ठेवला की सहसंबंध आपोआप फुगतो. दोन पद्धती एकत्र वर-खाली जातात आणि दोन पद्धतींचं उत्तर एकच येतं, या दोन गोष्टी निराळ्या. हा लेख पुढे जगभर सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या शोधनिबंधांत गेला. तरीही ‘आर-स्क्वेअर ०.९९, म्हणून यंत्र मान्य’ असं लिहिलेले अहवाल आजही बनतात. कसे बनतात देव जाणे.

आता खरोखरच कात्रज. जुना बोगदा, खेड शिवापूर, मग नीरेचा पूल. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून सातारा लागतो आणि शिरवळ येतं. नदीकाठी सुभानमंगळ किल्ल्याच्या खुणा. १६४८ मध्ये शिवाजी महाराजांसाठी कावजी मल्हारांनी तो आदिलशाही फौजेकडून घेतला. तो प्रवास निराळ्या गाडीचा. वाटेत क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय दिसेल. तिथल्या विद्यार्थ्याला विचारून बघा, रक्तपेशी यंत्राने मोजायच्या की सूक्ष्मदर्शकाखाली? तो विचारेल, “कुणाच्या?” कुत्र्याच्या असतील तर यंत्र. कोंबडीच्या असतील तर नेहमीच्या यंत्राचा घोटाळा होतो, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींनाही केंद्रक असतं आणि यंत्राला त्या पांढऱ्या वाटू लागतात. तिथे काचेवर चौकोन आखलेला कक्ष आणि डोळा हीच खात्रीची वाट. यंत्र अमुक टक्के बरोबर, असं सरसकट बोलण्यात अर्थ नसतो. कशासाठी, ते आधी.

आजचं शिरवळ. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेडच शेड. त्यातल्या एका कल्पित औषध कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, तुम्हाला नेतो. ही प्रयोगशाळा आणि तिचे आकडे समजुतीपुरते आहेत, चाचणी मात्र खरी. टेबलावर डिझोल्यूशनचं यंत्र: पाण्याच्या टाकीत काचेची सहा व्हेसल्स, प्रत्येकात ९०० मिलि द्रावण, ३७ अंश. वरून पॅडल उतरलेलं, मिनिटाला पन्नास फेरे. सहा गोळ्या टाकायच्या आणि तिसाव्या मिनिटाला किती औषध विरघळलं ते बघायचं.

आधी हाताने करा. गोळ्या एकदम टाकू नका. थोड्या थोड्या अंतराने टाका, म्हणजे नमुने ओढतानाही तेवढीच उसंत मिळेल. वेळेची मुभा दोन टक्के, म्हणजे तिसाव्या मिनिटाला छत्तीस सेकंद पुढे-मागे. सिरिंजची लांब नळी द्रावणात सोडा. टोक पॅडलच्या वरची कड आणि द्रावणाचा पृष्ठभाग यांच्या बरोबर मध्ये, काचेपासून किमान एक सेंटिमीटर आत. सावकाश ओढा, बुडबुडा आला तर सोडून पुन्हा ओढा. फिल्टरमधून गाळा, पहिले थेंब टाकून द्या. पहिल्या व्हेसलला हात स्थिर असतो. सहाव्याला तिसरी शिफ्ट बोलू लागते.

शेजारी नवं यंत्र आहे. प्रत्येक व्हेसलमध्ये बारीक नळी, म्हणजे प्रोब, कायमचा सोडलेला. वेळ झाली की पंप चालतो, सहाही नमुने एकदम ओढले जातात, कुणी कधी काय बदललं त्याची नोंद ऑडिट ट्रेलमध्ये राहते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने औषधनिर्मितीच्या नियमांतलं परिशिष्ट ‘एम’ नव्याने काढलं, त्यात संगणकीय यंत्रणा तपासून, सिद्ध करून वापरण्यावर भर आहे. म्हणून तुमच्यावर काम आलंय: हे यंत्र हाताच्या तोडीचं आहे असं दाखवा.

समजा, हाताच्या सहा गोळ्यांची सरासरी ८८ टक्के आली आणि यंत्राच्या सहांची ९१. दोन्हीकडे एसडी, म्हणजे आकड्यांचं विखुरणं, ४. टी-टेस्ट लावता: पी-व्हॅल्यू ०.२२. तुम्ही खुशीत लिहिता, ‘लक्षणीय फरक नाही, यंत्र मान्य.’ शिफ्टच्या मॅडम कागद बघतात.

“एसडी चार का आली ओ?”

“हात जरा हलला असेल, मॅडम.”

“मग हात आणखी हलला असता तर पी-व्हॅल्यू आणखी छान आली असती की!”

हाच या चाचणीचा सापळा. फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. कदाचित तो शोधण्याइतकं चांगलं काम आपण केलेलं नसतं. जितका गबाळेपणा तितकं पास होणं सोपं. आता तेच काम नेटकं करा. सरासऱ्या त्याच, ८८ आणि ९१, पण एसडी दीडवर आणा. पी-व्हॅल्यू ०.००६: फरक ‘लक्षणीय’. नीट काम केल्याचं बक्षीस म्हणून नापास.

यातून बाहेर पडायची वाट १९८७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या डोनाल्ड शूरमन यांच्या लेखाने रूढ केली. सिद्ध करायचं ओझं उलटवायचं. दोघं वेगळे आहेत असंच धरून चालायचं आणि फरक ठरावीक मर्यादेच्या आत आहे हे यंत्राने दाखवायचं. विरघळण्याच्या चाचणीत परिस्थिती बदलली तर सरासरी किती हललेली चालते, याचा एक ठोकताळा अमेरिकन औषधकोश देतो: ८५ टक्क्यांच्या वर पाच अंक, त्याखाली दहा. मग फरकाचा ९० टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा. गबाळ्या प्रयोगात तो उणे १.२ ते ७.२ येतो, पाचाच्या बाहेर गेला, दावा फेटाळा. नेटक्या प्रयोगात १.४ ते ४.६, पूर्ण आत, यंत्र तोडीचं. निकाल उलटे झाले आणि या वेळी शहाण्या बाजूने. अट एकच: ते पाच अंक प्रयोगाआधी प्रोटोकॉलमध्ये लिहून, तारीख टाकून सही केलेले हवेत. आकडे बघून आखलेल्या मर्यादेत काहीही बसतं.

आता डब्लिनची वही काढा. गोळी-गोळीत फरक असतोच; मग गॉसेटसारखी जोडी का लावू नये? एकाच व्हेसलमधून तिसाव्या मिनिटाला हातानेही ओढा आणि यंत्रानेही. गोळी तीच, द्रावण तेच. सहा जोड्यांचा सरासरी फरक, समजा, ०.४ आला. ब्लँड-ऑल्टमनचा आलेख काढला तर सगळे ठिपके शून्याला चिकटून. तुम्ही पेन उचलता.

पेन खाली ठेवा. हाताने ओढलेला तो नमुनाही ज्या व्हेसलमधून आला, त्यात प्रोब तीस मिनिटं उभा होता. फिरत्या द्रावणात उभी केलेली बारीकशी नळीसुद्धा प्रवाह बिघडवते. गोळी तळाशी शांत बसून हळूहळू विरघळायची, तिच्याभोवती जास्त घुसळण होते, आणि काही गोळ्या जास्त विरघळतात. आधीचा तीन अंकांचा फरक बहुधा तिथूनच आला होता. एकाच व्हेसलमधून ओढल्याबरोबर तो दोन्ही बाजूंना सारखाच चढला आणि वजाबाकीत गळून गेला. कॅलमझूतले रुग्ण एका रात्री एक औषध घेऊन झोपले, दुसऱ्या रात्री दुसरं घेऊन. गोळीला दुसरी रात्र नाही. ती एकदाच विरघळते, एक तर प्रोबसमोर, नाही तर प्रोबविना.

म्हणजे प्रयोग दोन लागतात. पंप, नळ्या आणि फिल्टर नीट काम करतात का, याला जोडीचा प्रयोग उत्तम. नळीत मागच्या वेळेचं द्रावण साचून राहत असेल तर तिथेच पकडलं जाईल: औषध झपाट्याने विरघळत असताना, दहाव्या मिनिटाला, यंत्राचा आकडा हातापेक्षा खाली दिसेल. पण प्रोबच्या अस्तित्वाचा परिणाम बघायचा तर व्हेसल्स वेगळी हवीत, जोडीचा मोह सोडायला हवा, आणि गोळ्या जास्त लागतील.

“पण मॅडम, तीनच तर अंक. पाचाच्या आत आहेत.”

“लॉट कुठला आहे त्यावर आहे ना. क्यू, म्हणजे किती टक्के विरघळायला हवं तो आकडा, ऐंशी असला तर पहिल्या टप्प्यात प्रत्येक गोळी किमान पंच्याऐंशी पाहिजे. त्र्याऐंशीवाली गोळी प्रोबमुळे शहाऐंशी झाली, तर?”

तर जो लॉट हाताने पुढच्या टप्प्यात गेला असता, आणखी सहा गोळ्या मागितल्या असत्या, तो यंत्रावर पहिल्याच फेरीत सुटला. सरासरीने तोडीचं ठरलेलं यंत्र सीमेवरच्या गोळीशी वेगळं वागतं. यावर कुणी म्हणेल, रुग्णाच्या पोटात ना पॅडल असतं ना प्रोब, मग खरं उत्तर कुठलं? रास्त आहे. ही चाचणी म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेला एक करार आहे. पोटाची हुबेहूब नक्कल नव्हे. पण करार सर्वांसाठी सारखा असला तरच त्याचा उपयोग. गेल्या वर्षीचा लॉट हाताने आणि यंदाचा प्रोबने मोजून ‘गोळी सुधारली’ असं कुणी म्हणू नये, एवढंच.

माझ्या मते यंत्र घ्यावंच. सहाव्या व्हेसलला दमणारा हात आणि पाचाकडे झुकणारा डोळा यांच्यावर रात्रपाळीत विसंबण्यापेक्षा ते बरं. पण नमुना ओढायच्या क्षणापुरता खाली उतरणारा आणि लगेच वर जाणारा प्रोब मिळतो, तो मागून घ्यावा. खरेदी विभागाने किंमत ऐकून तोंड वाकडं केलं तरी.

मॅडमनी तुमचा कागद सही न करता परत दिलाय. मागच्या बाजूला नवा आराखडा त्यांच्याच अक्षरात. पहिल्या फेरीत व्हेसल एक, तीन, पाचमध्ये प्रोब. दोन, चार, सहा रिकामी. सगळे नमुने हातानेच ओढायचे. दुसऱ्या फेरीत अदलाबदल, म्हणजे एखाद्या व्हेसलची स्वतःची खोड प्रोबच्या नावावर जाणार नाही. मग दुसरा अ‍ॅनालिस्ट, मग दुसरा लॉट. मर्यादा पाच अंक, आजची तारीख. आणि खाली एक ओळ: द्रावण आताच तापायला लावा, ३७ व्हायला वेळ लागतो.